वाहायचा, खायचा नाही : धोत्र्याचा इतिहास

काष्टीहून आम्ही बोलतोय. आज एका झाडाचा इतिहास सांगणार आहोत. हे झाड कुणी लावत नाही, त्याला कुणी पाणी घालत नाही. उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी ते आपलं आपण उगवतं. कर्ण्यासारखं पांढरं किंवा जांभळट फूल आणि काटेरी गोल फळ. ओळखलंत ना? धोत्रा! महाशिवरात्रीला तो महादेवाच्या पिंडीवर असतो आणि एरवी खुरपताना आपण त्यालाच मुळासकट उपटून फेकतो. देवाला चालणारं हे झाड माणसाला का चालत नाही?

उत्तर त्याच्या जुन्या नावातच आहे. संस्कृतात धोत्र्याला धत्तूर म्हणतात, तसंच 'उन्मत्त'ही म्हणतात. उन्मत्त म्हणजे वेडावलेला. धोत्र्याच्या पानाफुलांत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बियांत अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. ती पोटात गेली की तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोल जातो. मग माणूस बडबडायला लागतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतले नसलेले दोरे ओढत बसतो. ही दारूची झिंग नव्हे, हा भ्रम आहे. मात्रा वाढली तर जीवही जातो.

मन फिरवणारी झाडं जगात सगळीकडे आहेत आणि माणसाने त्यांच्याभोवती कुंपणंही घातली आहेत. मेक्सिकोच्या वाळवंटात पेयोटे नावाचा बिनकाट्याचा छोटासा निवडुंग होतो. त्यात मेस्कलिन हे भ्रम आणणारं द्रव्य असतं. तिथले विरारिका लोक, ज्यांना हुइचोल असंही म्हणतात, तो देव मानतात. उपासतापास करून, लांबची यात्रा करून तो आणतात आणि विधीतच खातात. अमेरिकेतल्या आदिवासींनी 1918 साली ओक्लाहोमात आपला पंथ रीतसर नोंदवला, त्यांच्याही प्रार्थनेत पेयोटे असतो. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही मुळात अमेरिकेतूनच आलेला, पण त्यात तसली नशा नाही. त्याची लाल बोंडं आपण लहानपणी खाल्लेली आहेत.

आपल्याकडे कुंपण वेगळ्या तऱ्हेने घातलं गेलं. विरारिका लोकांचा प्रसाद खायचा असतो, आपला धोत्रा मात्र पिंडीवर फक्त वाहायचा असतो. हलाहल पचवणाऱ्या देवाच्या माथी विष ठेवायचं आणि आपण हात धुऊन घरी यायचं, अशी ही रीत आहे. महाशिवरात्रीला भांगेत धोत्र्याचं बी घालणारे टवाळ ही रीतच मोडतात.

ही रीत मोडणारे पूर्वीही होतेच. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. त्याने लिहिलेला औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोत्र्यावर एक प्रकरण आहे. एका घरात मालकिणीला अन्नातून धोत्रा चारून किल्ल्या आणि दागिने पळवले, अशी हकीकत त्यात येते. धोत्रा खाल्लेला माणूस नुसता हसत बसतो आणि मागेल ते देऊन टाकतो, असंही त्याने नोंदवलंय. पुढे इंग्रजी अमलात वाटसरूंशी गोड बोलून, जेवणात धोत्रा घालून लुटणाऱ्या टोळ्या होत्या. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. जनावरांच्या बाजारातून रोख पैसा घेऊन परतणारा माणूस अनोळखी हातचं खात नाही, ही जुनी शिस्त काष्टीच्या बाजाराला येणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. अन्नात धोत्रा होता का, हे ओळखायला त्या काळचे तपासनीस मांजराच्या डोळ्यात अर्काचा थेंब टाकत. बाहुली मोठी झाली की संशय पक्का व्हायचा.

आणि मैत्रिणींनो, आळ कुणावर आला? 1583 साली गोव्यात आलेला लिन्सकोटेन नावाचा डच लेखनिक लिहितो की इथल्या बायका नवऱ्याला धोत्रा चारतात आणि तो भ्रमात असताना मन मानेल तसं वागतात. स्वयंपाक बाईच्या हातात, म्हणून विषाचा पहिला संशयही बाईवर! गोव्यातल्या त्या बायकांचं म्हणणं मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

याच झाडाच्या इतिहासात बायकांचं एक मोठं देणंही आहे, ते कमी जणींना माहीत असतं. जपानमध्ये हानाओका सेइशू नावाचे वैद्य होते. शस्त्रक्रियेत रोग्याला वेदना कळू नयेत म्हणून त्यांनी धोत्रा आणि बचनागासारख्या वनस्पतींचं औषध तयार केलं. त्याचा प्रयोग त्यांच्या आईने आणि पत्नीने स्वतःवर करू दिला. त्यात पत्नीची, काए यांची, दृष्टी गेली असं सांगतात. 1804 साली हेच औषध देऊन हानाओकांनी एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. अमेरिकेत ईथर देऊन केलेली गाजलेली शस्त्रक्रिया त्यानंतर 42 वर्षांनी झाली.

आपल्याकडे दम्यावर धोत्र्याचं वाळकं पान चिलमीत ओढायची चाल होती. 1802 च्या सुमारास मद्रासेतून ही माहिती इंग्लंड-स्कॉटलंडला गेली आणि तिकडे दम्याच्या धोत्रा-विड्या विकल्या जाऊ लागल्या. आज दवाखान्यात दम लागलेल्याला वाफेतून जी औषधं देतात, त्यातलं इप्राट्रोपियम हे अॅट्रोपिनपासूनच घडवलेलं आहे. फवारणीच्या औषधाची विषबाधा आपल्या घराघराला माहीत आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात तिने कितीतरी शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव घेतले. त्यातल्या काही विषांवर डॉक्टर जे इंजेक्शन पुन्हा पुन्हा देतात, ते अॅट्रोपिनच. एक द्रव्य जीव घेतं आणि तेच जीव वाचवतं. फरक पडतो तो मापाचा. धोत्र्याच्या दोन झाडांत, दोन फळांतसुद्धा विषाचं प्रमाण सारखं नसतं, ते माप आपल्याला घरी करता येत नाही. म्हणून विष प्यालेल्याला धोत्र्याचा रस पाजायचा नाही आणि दम्यासाठी पानही ओढायचं नाही. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर धोत्रा सांगितलेला आहे. त्या काळी दुसरं काही हाती नव्हतं. आज लस आहे. कुत्रं चावलं की जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

आयुर्वेदातही धोत्रा उपविषात मोडतो आणि शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. सरकारी नियमांप्रमाणे पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापावा लागतो. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून भाजीत कालवायला कुणी बिननावाची पुडी दिली, तर त्यात काय आहे हे आपल्याला कळणार नाही. आणि काही बरंवाईट झालं तर बोट पुन्हा आपल्याकडेच वळेल, चारशे वर्षांपूर्वी वळलं होतं तसंच.

शेवटी आपल्या रोजच्या कामातलं. धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी दिसायला जवळचं. मिरचीचं बी चपटं, गुळगुळीत, फिकट पिवळं असतं. धोत्र्याचं बी जाड, खरबरीत, तपकिरी पिवळं आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. धान्य, सोयाबीन, मिरची पाखडताना तेवढी नजर ठेवायची. 2019 साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पिठातून अशाच बियांचं विष लोकांच्या पोटात गेलं आणि पाच जण दगावले. जनावर उभ्या धोत्र्याला सहसा तोंड लावत नाही, पण कुट्टीत किंवा मुरघासात कापला गेला तर त्याला निवडता येत नाही. म्हणून मका कापायच्या आधी धोत्रा उपटायचा, तोही फळं फुटायच्या आत, कारण बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. उपटल्यावर हात धुवायचे, तोच हात डोळ्याला लावायचा नाही. मुलाने फळ खाल्लं असं नुसतं वाटलं तरी घरी उपाय करत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि त्या झाडाची फांदी सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळतं.

येत्या महाशिवरात्रीला पिंडीवर धोत्रा जरूर वाहा. लेकरं सोबत असतील तर त्यांना हात जोडायला शिकवताना एवढंही सांगा : हे देवाचं आहे बाळा, आपल्या तोंडात घालायचं नाही.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.