शोधयंत्रांतील देशनिहाय आवृत्त्या आणि मराठी भाषा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एकाच संकेतस्थळाच्या अनेक आवृत्त्या असल्यास कोणत्या वाचकासमोर कोणती आवृत्ती ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर शोधयंत्रांनी प्रारंभी देशाच्या सीमेत शोधले. भाषेला स्थान पुढे मिळाले. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने या स्थित्यंतराचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

देश ही कसोटी :
भारताचे 'डॉट इन' हे देशनाम १९८९ मध्ये अस्तित्वात आले व २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पत्त्याच्या या शेवटच्या भागावरून पृष्ठ कोणत्या देशासाठी आहे, याचा अंदाज शोधयंत्रे बांधीत. मात्र पृष्ठ मराठी आहे की इंग्रजी, हे त्यावरून कळत नाही. लिपीही पुरेशी नाही. २०१४ मध्ये सुरू झालेले देवनागरी 'डॉट भारत' हे नाव मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी आदी आठ भाषांसाठी एकच आहे.

भाषा ही कसोटी :
डिसेंबर २०११ मध्ये गूगलने 'एचरेफलँग' या खुणेचा भाषानिहाय व देशनिहाय आवृत्त्यांसाठी विस्तार केला. तीत भाषा सांगणे अनिवार्य असून देश ऐच्छिक आहे. दोन्ही आवृत्त्यांनी परस्परांकडे निर्देश करावा लागतो. एकतर्फी निर्देश ग्राह्य धरला जात नाही. २०२२ मध्ये संकेतस्थळचालकांना लक्ष्य देश निवडण्याची गूगलने दिलेली सोयही बंद झाली.

बीडचा संदर्भ :
हा क्रम बीडला अपरिचित नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा मराठीभाषक जिल्हा होता. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, तरी जिल्हा हैदराबाद राज्यातच राहिला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तेथेही प्रदेशाची सीमा आधी आली आणि भाषेची दखल नंतर घेतली गेली.

या इतिहासाचा शोधावर आजही परिणाम होतो. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचे नाव 'भीर' असे येते, तर निजामकाळात अंबाजोगाईचे नाव 'मोमिनाबाद' होते. आजच्या नावाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यास ही साधने सहज सापडतीलच असे नाही. भाषेची खूण आवृत्त्या जोडते. नावांतील हे अंतर ती भरून काढीत नाही. ते काम लेखकाचेच आहे.

निष्कर्ष :
१) मराठीसाठी देश ही कसोटी अपुरी असून भाषा हीच निर्णायक आहे.
२) महाविद्यालयांनी मराठी व इंग्रजी मजकुरास स्वतंत्र पत्ते देऊन ते परस्परांशी जोडावेत.
३) स्थानिक इतिहासाच्या पृष्ठांवर जुनी व नवी स्थलनामे एकत्र नोंदवावीत.
४) मूळ मराठी पृष्ठच नसेल, तर कोणतीही खूण वाचकास मराठीपर्यंत नेऊ शकत नाही. म्हणून मराठीत लेखन करणे ही प्राध्यापकवर्गाची पहिली जबाबदारी ठरते.