ॲसिटोनायट्राइलाचे सूक्ष्म विद्युत् अग्रांवरील ऑक्सिडीभवन

ॲसिटोनायट्राइल या कार्बनी विद्रावकाच्या रेणूंतून धातूच्या अतिसूक्ष्म धनाग्रावर इलेक्ट्रॉन काढले जाण्याची विक्रिया. ८२° से.ला उकळणारा हा द्रव ॲक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनात उपपदार्थ म्हणून मिळतो. त्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ३६ असल्याने लवणे त्यात चांगली विरघळतात आणि त्याचे ऑक्सिडीभवन सहजासहजी होत नाही. म्हणून विद्युत् रसायनशास्त्रात तो फार वापरला जातो. तो नेमक्या कोणत्या विभवाला हार मानतो, म्हणजे त्याच्या ऑक्सिडीभवनाची मर्यादा कोणती, हे ठरवणे मात्र दिसते तेवढे सोपे नाही.

नेहमीच्या मोठ्या विद्युत् अग्रासाठी विद्रावात लवण घालावेच लागते. नाहीतर द्रवाच्या रोधातच विद्युत् दाब खर्च होतो. पण लवण घातले की मिळणारी मर्यादा एकट्या विद्रावकाची राहत नाही. परक्लोरेट असेल, तर इलेक्ट्रॉन आधी तेच गमावते आणि तयार झालेले मूलक ॲसिटोनायट्राइलच्या मिथिल गटातील हायड्रोजन ओढून घेते, अशी यंत्रणा सुचवली गेली आहे. टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट वापरल्यास मर्यादा आणखी धन बाजूला सरकते. विद्रावक तोच, आकडा वेगळा.

ही अडचण सूक्ष्म विद्युत् अग्रांनी सोडवली. काही मायक्रोमीटर त्रिज्येची, केसाहून बारीक प्लॅटिनमची तार काचेत वितळवून बसवतात आणि तिचे टोक ॲल्युमिनाच्या भुकटीने घासून चकतीसारखे सपाट करतात. एका लिटरात १ मिलिमोल फेरोसीन (सहज ऑक्सिडीभूत होणारे लोहाचे संयुग) असलेल्या ॲसिटोनायट्राइलमध्ये ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या चकतीवर जेमतेम ४ ते ५ नॅनोअँपिअर प्रवाह वाहतो. वाटेत १० लाख ओहम रोध असला तरी ४-५ मिलिव्होल्टच वाया जातात. ॲलन बाँड, मार्टिन फ्लाइशमन आणि जे. रॉबिन्सन यांनी १९८४ मध्ये लवण न घालता कार्बनी विद्रावकांत अशी मापने करता येतात हे दाखवले. पुढे फ्लाइशमन, स्टॅन्ली पाँझ आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने अतिउच्च विभवांवर लहान अल्केने आणि आर्गॉन, झेनॉन यांसारख्या निष्क्रिय वायूंच्या ऑक्सिडीभवनाचा अभ्यास केला.

विद्रावकाच्या स्वतःच्या ऑक्सिडीभवनाचे गणित फेरोसीनहून वेगळे आहे. शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्ये एका लिटरात सुमारे १९ मोल रेणू असतात. अग्राजवळ त्यांचा तुटवडा पडत नाही आणि विसरणाची मर्यादाही येत नाही. वेग धातूच्या पृष्ठभागावरच ठरतो, म्हणून प्रवाह त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. रोध त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे त्रिज्या दहापट कमी केली, की वाया जाणारा दाबही दहापट घटतो. प्रवाह-विभव आलेखावर पठार दिसत नाही. प्रवाह चढतच जातो. मर्यादा कोठे मानायची हे त्यामुळे निवडलेल्या प्रवाहघनतेवर अवलंबून राहते आणि ही निवड प्रत्येक प्रयोगशाळा आपापली करते.

पाण्याचा अंश हा सर्वांत चिवट शत्रू. थोडेसे पाणी राहिले, तरी ते विद्रावकाच्या आधी ऑक्सिडीभूत होऊन प्रोटॉन सोडते. द्रव आम्लधर्मी होतो आणि प्लॅटिनमवर ऑक्साइडाचा थर बसतो. विरघळलेल्या दुसऱ्या कार्बनी पदार्थापासून कार्बधन आयन तयार झाल्यास ॲसिटोनायट्राइल स्वतः त्याला जोडले जाते आणि पाण्याशी विक्रिया होऊन ॲसिटामाइडे मिळतात. संश्लेषणात याचा मुद्दाम उपयोग करतात. प्लॅटिनमवर बसलेला पातळ थरही प्रवाह लक्षणीय घटवतो. म्हणून चकती वारंवार घासावी लागते.

व्यवहारात मर्यादेचा हा प्रश्न विद्युत् भार साठवणाऱ्या महाधारित्रांत (सुपरकपॅसिटरांत) भेटतो. ॲसिटोनायट्राइल भरलेले अनेक व्यापारी घटक २.७ व्होल्टपर्यंतच चालवले जातात. त्याहून जास्त दाब दिल्यास विघटन वाढते. धातू, लवण, पाण्याचे प्रमाण आणि प्रवाहघनता न सांगता दिलेला ॲसिटोनायट्राइलच्या मर्यादेचा कोणताही आकडा अपुरा समजावा.