खिडकीतला घाट आणि घाटातली माणसे

प्रवास दोन प्रकारचा असतो. एक पोटासाठी करावा लागतो, दुसरा डोळे निवविण्यासाठी विकत घेता येतो. या दुसऱ्या प्रवासासाठी आपल्या देशात खास गाड्या आहेत. राजस्थानच्या वाळवंटातून जाणारी ‘पॅलेस ऑन व्हील्स’ २६ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाली. आरंभी तिला संस्थानिकांचे जुने सलून डबे जोडलेले होते. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली रद्द झाले. आणि दहा वर्षांनी, प्रजासत्ताकदिनाचा मुहूर्त साधून, त्यांचा थाट तिकिटावर मिळू लागला. पुढे २००४ साली महाराष्ट्राने ‘डेक्कन ओडिसी’ काढली.

कोणी पैसे मोजून थाटात फिरत असेल तर त्याविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न त्या गाडीच्या खिडकीविषयी आहे. डोंगर निसर्गाचा खरा. पण तो खिडकीतून दिसावा म्हणून ज्यांनी फोडला, ते कोण होते? उत्तरासाठी दूर जायला नको. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतनंतर लागणारा बोरघाटच घेऊ.

या घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या देखरेखीखाली ते चालले. लांबी १५ मैल ६८ साखळ्या, चढ १८३१ फूट, बोगदे २५. कंपनीचा हिशेब असा काटेकोर होता. मैलावरच्या साखळ्यासुद्धा तिने सोडल्या नाहीत.

आता माणसांचा हिशेब पाहा. १८६१ साली ऐन भरात घाटावर ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. पुरुष खडक फोडीत, बायका व पोरे पाट्या वाहत. तुटलेल्या कड्यावर दोराला लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावी लागत. पटकी आणि हिवताप यांनी माणसे पटापट मेली. मेलेल्यांचा आकडा इतिहासकार सुमारे २५ हजार धरतात. तो अंदाज आहे. अंतर साखळीपर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेने मजुरांचे मरण अंदाजावर सोडले, यातच तिच्या लेखी त्यांची किंमत काय होती ते कळते.

आणि हे मजूर मुकाट मेले, असेही नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून ते गोऱ्या देखरेख्यांवर चालून गेले. मूळ कंत्राटदार फॅव्हिएल याच्या हातून काम गेले. सरकारने १८६० साली मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी कायदा केला. त्यात थकलेल्या मजुरीची दाद मागण्याची सोय होती. पण त्याच कायद्याने, करार मोडून काम सोडणारा मजूर गुन्हेगार ठरला. म्हणजे पोटाची मागणी पुढे आली आणि उत्तरात बेडीही आली. तो कायदा १९३२ साली रद्द झाला.

कंत्राट पुढे सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो हिंदुस्थानात येताच अल्पावधीत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम तडीस नेले. तिचे कौतुक जरूर व्हावे. पण तिचे नाव उरले आणि ज्यांच्या हातांनी घाट उभा राहिला त्यांच्यातले एकही नाव आपल्याला का सांगता येऊ नये? लोकांनी आपल्या परीने एक नाव जपले आहे. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा या धनगराने दाखविली आणि त्यापायी तो प्राणाला मुकला, अशी कथा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. बाकीच्या हजारोंच्या वाट्याला कथाही आली नाही.

पुढे १ जून १९३० पासून या घाटातून ‘दख्खनची राणी’ धावू लागली. तिला पहिला आणि दुसरा एवढेच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा डबा जून १९५५ मध्ये आला. तोवर पंचवीस वर्षे कष्टकऱ्याने ही राणी बाहेरूनच पाहिली.

घाटावर राबलेले सगळे आमच्याच जातीचे होते, असा दावा मी करणार नाही. तेथे नाना जातीधर्मांची गोरगरीब माणसे होती. पण त्यांची नावे का बुडाली, हे आम्हांला चांगले कळते. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांनी आपल्या कामाखाली सही करायची कशी? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी साहेबाचे कर्तृत्व लिहिले, सह्याद्रीची शोभा लिहिली. पाटी वाहणारी बाई त्यांना दिसली नाही. माझ्या घरात लिहिणारी माझी पहिलीच पिढी. म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

वर्गात मी रेल्वेचा इतिहास शिकवतो तेव्हा क्रमिक पुस्तकात डलहौसी असतो, १८५३ सालची बोरीबंदर ते ठाणे गाडी असते. तेवढ्यावर मी थांबत नाही. वडार, बेलदार, महार, मांग, धनगर अशा घरांतून आलेल्या मुलांना मी सांगतो, की आजा-पणजा कुठल्या रुळावर, कुठल्या धरणावर, कुठल्या खाणीत राबला हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. म्हातारी माणसे जात आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.