ताण व भावस्थिती : रासायनिक मीमांसेचा इतिहास

दीर्घकालीन ताणामुळे भावस्थितीत होणारे बदल मेंदूतील रासायनिक द्रव्यांच्या द्वारे घडून येतात, या संकल्पनेचा विकास मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तिच्या प्रारंभीच्या पुराव्यांपैकी एक महत्त्वाचा पुरावा सर्पगंधा या भारतीय वनस्पतीपासून मिळाला. ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकापुढे आणण्यात मुंबईतील संशोधनाचा मोठा वाटा आहे.

सर्पगंधेचे मूळ देशी वैद्यकात निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर वापरीत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि अतिरिक्त रक्तदाब यांवरील तिची उपयुक्तता नोंदविली. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी ५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचा वृत्तांत १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व तिच्याकडे सर्वत्र लक्ष वेधले गेले. या कार्याबद्दल वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसर्पीन हे तिच्यातील क्रियाशील अल्कलॉइड वेगळे केले होते.

रेसर्पिनाचा प्रसार होताच रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता व निरुत्साह आढळू लागला. १९५५ मध्ये बर्नार्ड ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनी या औषधामुळे सिरोटोनिनाचा साठा रिता होतो, असे दाखविले. नॉरअ‍ॅड्रेनॅलीन व डोपामीन यांबाबतही पुढे तसेच आढळले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांना रेसर्पिनाने निश्चेष्ट झालेले ससे डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागल्याचे दिसले. याउलट, क्षयावरील इप्रोनायझीड या औषधाने काही रुग्ण उल्हसित होत. ते याच द्रव्यांचे विघटन रोखते. अशा निरीक्षणांवरून १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी, अवसादाचे काही प्रकार तरी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनाच्या उणिवेशी निगडित असावेत, अशी परिकल्पना मांडली. सिरोटोनिनाविषयीही तशीच परिकल्पना पुढे आली.

या परिकल्पनेमुळे मनोविकारांच्या औषधोपचारास चालना मिळाली. तथापि तिचा पाया वाटला तितका भक्कम नव्हता. १९५५ मध्येच लंडनमधील एका नियंत्रित चाचणीत चिंता व खिन्नता असलेल्या रुग्णांना रेसर्पिनाने उलट आरामच पडला होता. या निष्कर्षाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९७१ मध्ये फ्रेडरिक गुडविन व विल्यम बनी यांनी जुन्या नोंदी तपासल्या. रेसर्पिनामुळे बहुतेकांत केवळ सुस्ती येते आणि खरा अवसाद मुख्यतः पूर्वी तो होऊन गेलेल्या, म्हणजे तशी प्रवणता असलेल्या व्यक्तींतच उद्‌भवतो, असे त्यांचे मत पडले. शिवाय अवसादरोधी औषधांमुळे या द्रव्यांची पातळी काही तासांतच बदलते, पण गुण येण्यास आठवडे लागतात. हा कालभेद साध्या उणिवेच्या कल्पनेने उलगडत नाही.

ताणाच्या शरीरक्रियेचा अभ्यास यास पूरक ठरला. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणास शरीराकडून मिळणाऱ्या सर्वसाधारण प्रतिसादाचे वर्णन केले. या प्रतिसादास चालना देणारे अधोथॅलॅमसातील प्रवर्तक वायली व्हेल यांनी १९८१ मध्ये ओळखले. त्याच्यामुळे पोष ग्रंथी उद्दीपित होते व तिच्या द्वारे अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल स्रवते. पुरेसे कॉर्टिसॉल झाल्यावर मेंदू हा स्राव स्वतःच आवरतो. तीव्र अवसादाच्या अनेक रुग्णांत मात्र हे नियंत्रण शिथिल झालेले आढळते. कॉर्टिसॉलाची पातळी सामान्यतः सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. रातपाळीमुळे हा दैनिक ताल बिघडू शकतो. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक क्षेत्रातील बजाजनगरसारख्या कामगारवस्त्यांच्या संदर्भात हा विषय म्हणूनच महत्त्वाचा आहे. मात्र एकाच पाळीत राबणाऱ्या सर्वांनाच अवसाद होत नाही. आनुवंशिकता, बालपणातील आघात, झोप आणि आप्तांचा आधार यांनुसार ताणाचा परिणाम बदलतो.

सारांश, मेंदूतील रसायने ही ताण व भावस्थिती यांमधील मध्यस्थ होत. एखाद्या द्रव्याची उणीव हेच खिन्नतेचे एकमेव कारण मानता येत नाही. तसेच खिन्नता हा मनाचा दुबळेपणाही ठरत नाही. म्हणून उपचारात औषधांबरोबरच मानसोपचार आणि ताणाच्या मूळ कारणांचे निवारण यांनाही स्थान द्यावे लागते.