डोहातले पाणी आणि घरातला हंडा



आपल्या नद्यांतल्या माशांची नावे जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आहेत, हे ठाऊक आहे का तुम्हाला? साईक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची पाहणी केली. त्यात मासेही टिपले आणि १८३९ साली त्यांची वर्णने छापली. नावे ठेवताना इथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच घेतले: नुक्ता, कोलस, खुद्री. खुद्री म्हणजे आपला महसीर. तो त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला. त्या पात्रात आज शहराचे सांडपाणी वाहते.

महसीर स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. होळीनंतर नदीची धार तुटली, की मासे डोहात दाटीवाटीने राहतात. पुढच्या पावसाळ्याचे बियाणे तेच! डोहाला पाणी मिळते जमिनीखालच्या झऱ्यांतून, आणि काठची गावविहीरही त्याच झऱ्यांवर. विहीर नदीच्या तळाखाली उपसली, की डोहाचे पाणी उलट विहिरीकडे झिरपते. डोह उथळ होतो, तापतो, पाण्यातला प्राणवायू घटतो. मग मासे तोंड वर काढून तडफडतात.

पूर्वी वाळूत झरा उकरून, वाटीवाटीने हंडा भरून, तो डोक्यावर आणावा लागे. पाण्याचा हिशेब बाईच्या मानेलाच ठाऊक असे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी झाल्या, पुढे टाक्या आणि नळ आले. कष्ट वाचले, ते चांगलेच झालं. हिशेब मात्र सुटला. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरले. म्हणजे पाच माणसांच्या १०० घरांना २७,५०० लिटर. तसं पाहिलं तर उसाच्या पाण्यापुढे हे काहीच नाही, आणि घरात तांब्या वाचवून शेतात रात्रभर मोटार चालू ठेवणारेही आपणच. पण वैशाखात डोहात गुडघाभर पाणी उरते, तेव्हा विनातोटीचा नळसुद्धा जाणवतो.

तेव्हा तोटी आजच बसवा. भांडी धारेखाली न घासता घमेल्यात विसळा. ते पाणी परसातल्या अळूला, केळीला सोडा. साबणाचे कपडे डोहावर नेऊ नका. आणि होळीच्या दिवशी डोहाच्या खडकावर पाण्याच्या पातळीला चुन्याची रेघ ओढा. अक्षय्य तृतीयेला पाणी त्या रेघेखाली किती हात गेले, ते मोजून लिहून ठेवा.