दाब कमी करायचा की अंतर? मायक्रोप्लाझ्मा छपाईची दीडशे वर्षं

दुधाची पिशवी धुऊन कोरडी करा आणि तिच्यावर शाईच्या पेनाने तुमचं नाव लिहून बघा. शाई पसरत नाही, थेंब होऊन गोळा होते, कारण पॉलिथिनची पृष्ठऊर्जा कमी असते. मग त्याच पिशवीवर डेअरीचं नाव कसं छापतात? छपाईआधी त्या फिल्मवर उच्च दाबाच्या विजेचा मारा केलेला असतो. त्यातून तयार होणारा प्लाझ्मा पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट बसवतो आणि मग शाई धरते.

आज हाच प्लाझ्मा पूर्ण फिल्मवर न देता, प्रिंटरसारखा ठिपक्या-ठिपक्याने देता येतो, तोही साध्या हवेच्या दाबाला. याला मायक्रोप्लाझ्मा छपाई म्हणतात. इथपर्यंत यायला एवढी वर्षं का लागली, हे संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला वाटतं.

1857 मध्ये वेर्नर फॉन सीमेन्स यांनी ओझोन बनवण्यासाठी दोन काचनळ्यांच्या फटीतून वायू सोडला आणि त्यावर वीज लावली. मध्ये काच असल्यामुळे प्रवाहाला मर्यादा येते आणि ठिणगीचा जाळ होत नाही. इथे निर्वात पंप लागतच नाही.

1889 मध्ये फ्रीडरिश पाशेन यांनी दाखवलं की ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल, हे दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. इथे जरा थांबा. हवेत सेंटिमीटरभर फटीला साधारण 30,000 व्होल्ट लागतात. पण गुणाकार कमी करत नेला, तर किमान व्होल्टेज 330 च्या आसपास येतं. म्हणजे रस्ते दोन: दाब कमी करा, किंवा अंतर.

जगाने पहिला धरला, कारण पंप हाताशी होते. वातावरणाच्या दाबाला ते किमान गाठायचं तर फट सात-आठ मायक्रोमीटरची हवी, आणि ती तेव्हा बनवणार कोण? क्रुक्स यांच्या नळ्या, 1928 मध्ये 'प्लाझ्मा' हे नाव देणारे लँगम्युअर, पुढे सेमीकंडक्टरचा उद्योग, सगळे कमी दाबाच्या वाटेने गेले.

1950 च्या दशकात प्लास्टिक फिल्मचा धंदा वाढला. मैलोन्‌मैल धावणारी फिल्म निर्वात पेटीत कोंबणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिथे उघड्या हवेतली कोरोना प्रक्रिया आली. 1988 मध्ये टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या ओकाझाकी, कोगोमा आणि सहकाऱ्यांनी हेलियम वापरून वातावरणाच्या दाबाला स्थिर, एकसारखा प्लाझ्मा मिळवला. 1996 मध्ये शोनबाख यांच्या गटाने सूक्ष्म छिद्रांतल्या डिस्चार्जवर काम प्रसिद्ध केलं. दुसरा रस्ता आता वाहता झाला.

छपाईत हेच तत्त्व वापरतात. सुईसारखे इलेक्ट्रोड, समोर विद्युतरोधक थर, मध्ये मिलिमीटरहून कमी फट. चित्रात जिथे ठिपका हवा, तिथेच व्होल्टेज चालू. नुसती हवा असेल तर तेवढा भाग पाणी धरू लागतो. वायूत सिलिकॉनयुक्त वाफ मिसळली, तर पातळ लेप बसतो. मास्क लागत नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी फक्त गेल्या दहा वर्षांचे पेपर वाचले. शुक्रवारी प्रक्रिया केलेल्या नमुन्याचा संपर्ककोन सोमवारी मोजायचो आणि परिणाम ओसरलेला दिसायचा. उपकरणात दोष आहे असं समजून दोन महिने घालवले. खरं तर पॉलिमरच्या साखळ्या हळूहळू फिरतात, ध्रुवीय गट आत जातात, आणि छपाईवाल्यांना हे कधीचं माहीत आहे. जुनी फिल्म ते छपाईआधी पुन्हा कोरोनाखालून काढतात.

म्हणून संदर्भवाचन करताना प्रत्येक पद्धतीपुढे दोन गोष्टी लिहा: ती कधी आली, आणि तेव्हा दुसरी वाट का सोडली. सोडण्याचं कारण आज उरलं नसेल, तर तिथे तुमचा प्रश्न सापडू शकतो.