शेतात उगवलेली वंशावळ

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर एका शेताची खरेदी कोरलेली आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांना शेत घेतले आणि लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. नगराच्या शिवेवर, वायव्येला हे शेत होते. लेखात एक बारीकसा तपशील आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो: हे शेत विकणाऱ्याच्या वडिलांचे होते, असे मुद्दाम नोंदवले आहे. जमीन कोणाची हे सांगताना ती कोणाकडून आली हेही सांगावे लागते. म्हणजे जमिनीच्या कागदात बाप आला. पुढे आजा आला, पणजा आला. आपल्याकडच्या वंशावळीचे मूळ हे असे शेतात आहे. हिस्सा सिद्ध करण्यासाठी ती जपली गेली, पूर्वजांची आठवण तिच्या आधाराने टिकली.

मराठी मुलखात हा व्यवहार मिराशीत सर्वांत ठळक दिसतो. गावातली जमीन कसणारे दोन प्रकारचे. उपरी आज आहे, उद्या दुसऱ्या गावी जाईल. मिरासदाराची मात्र जमीन वंशपरंपरेची. सारा भरला की तिच्यावरून त्याला कोणी उठवायचे नाही, आणि दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन ती मागायचा हक्क शाबूत. जुन्या गावांत जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे थळे, मूळ घराण्यांच्या आडनावांनी ओळखली जात. एका थळावरचे भाऊबंद म्हणजे जथा, आणि साऱ्याबद्दल एकाने हात वर केले तर भार बाकीच्यांवर. थळांच्या नोंदवहीत, म्हणजे थळझाड्यात, ही सारी मांडणी मिळते.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. घराणे बुडाले की त्याची जमीन गतकुळ ठरे आणि गावकरी ती दुसऱ्याला मिराशीने देत. थळाचे नाव बहुधा जुनेच राही. तेव्हा थळाला आपले आडनाव नाही म्हणून आपण उपरे ठरत नाही, आणि आडनाव जुळले म्हणून रक्तही जुळले असे होत नाही.

हिश्श्यावरून तंटा झाला की गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील. दोन्ही बाजू आपापला करीना लिहून देत: मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोणाचा निर्वंश झाला, वडीलपण कोणत्या शाखेकडे. रोहिडखोऱ्याच्या देशमुखांचा जेधे करीना आज शिवकाळाचे साधन म्हणून वाचला जातो, पण तो वतनदार घराण्याने मांडलेली स्वतःची हकीकत आहे. साक्षी-पुराव्याने निकाल लागेना तेव्हा उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचे रवादिव्यही करावे लागे. निवाडा झाला की त्याचा साक्षीदारांसह लेख व्हायचा, तो महजर. अशा महजराचा शेवट जरूर पाहावा: पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला, इतरांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या कुळाची साक्ष अशी कागदावर ठेवली. भांडण नुसत्या बिघ्यांचे नसायचे. होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचा, विडा-टिळा आधी कोणाला, हे मानपान वडील शाखेचे. म्हणून थोरला कोण, धाकटा कोण हे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असे.

सातासमुद्रापलीकडच्या वेल्समध्ये मध्ययुगात नेमके हेच चालले होते, हे वाचताना थक्क व्हायला होते. तिथे एका पूर्वजाच्या वंशजांची सामाईक जमीन असे. बाप गेला की भाऊ वाटणी करत. हिस्से पाडायचे धाकट्याने, निवड आधी थोरल्याची. नातवांच्या पिढीत फेरवाटणी, पणतवंडांत शेवटची. त्यानंतर वाटणी कायमची. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड नावाच्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे की वेल्समधला साधा माणूससुद्धा सहा-सात पिढ्यांची नावे सांगतो. सांगणारच, नावे विसरला तर शेत जायचे!

आपल्याकडेही रेघ पणतवंडापाशीच ओढलेली आहे. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलगा, नातू आणि पणतू यांना जन्मतःच हक्क. श्राद्धात पिंड घ्यायचे ते बाप, आजा आणि पणजा यांनी. ज्याच्याकडून जमीन आली त्याला पिंड, असा हा हिशेब आहे, आणि म्हणूनच नाशिकला वंशावळीचे दुसरे दफ्तर तयार झाले.

ते दफ्तर म्हणजे, लोक श्राद्धाला जिथे येतात त्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यजमान आला की गाव, जात, आडनाव विचारायचे, त्यावरून त्याचे उपाध्ये ठरायचे. वहीत त्याने आपली, भावांची, मुलांची नावे सांगून सही करायची. पुढे मुलगा आला की त्याला बापाची सही दाखवायची आणि खाली त्याची घ्यायची. हे यजमानकृत्यही वतनासारखेच वारसाहक्काने चालणारे. जुनी पाने मोडीत आहेत. जमिनीच्या कागदांत न सापडणारी एक गोष्ट या वह्यांत सापडू शकते, ती म्हणजे बायकांची नावे. श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईचे माहेरही लागते. महजरात मात्र सहसा लेक नाही, सून नाही. हिस्सा न घेता गाव सोडून गेलेला काकाही नाही. वतनी वंशावळ ही हिस्सेदारांची यादी आहे, कुटुंबाची नाही, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी.

इंग्रजी अमलात 1852च्या कायद्याने इनामांची चौकशी करणारे इनाम कमिशन आले आणि घरोघरचे कागद पुराव्यादाखल बाहेर पडले. पेशवे दफ्तर पुण्यात असल्याने नाशिककराचा शोधही पुण्याला जातो. नाशिक जिल्हा झाला 1869मध्ये. त्याआधी नाशिक, सिन्नर, दिंडोरी हा भाग अहमदनगरात होता आणि मालेगाव-बागलाण खानदेशात. जुने कागद त्या नावांखाली शोधावेत. 1874च्या वतन कायद्याने वतनदारांच्या वारसांची दप्तरी नोंद पक्की केली. कुलकर्णी वतने 1950च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची 1958च्या, आणि पाटीलकी 1962च्या. हे बरेच झाले. महार वतनाच्या नावाखाली तुटपुंज्या मोबदल्यात साऱ्या समाजाला अष्टौप्रहर राबवले जात होते, डॉ. आंबेडकरांनी 1928मध्येच त्याविरुद्ध विधेयक मांडले होते. वतने गेली, कागद राहिले. 2023मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली.

ज्यांना आपले कूळ शोधायचे आहे त्यांनी आडनावाच्या मागे न लागता शेताच्या मागे लागावे. सातबाऱ्यावरून फेरफार काढावेत, त्यावरून वारसनोंदी, मग जुने गट आणि सर्व्हे नंबर. त्यानंतर रामकुंड, सर्वांत शेवटी पुणे. घरात मोडी कागदांचे रुमाल असतील तर माळ्यावर वाळवीला देऊ नयेत, रद्दीत तर मुळीच घालू नयेत. जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि फोटो काढून ठेवावेत. महाराष्ट्रात 1994पासून आणि देशभर 2005पासून वडिलार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क आहे. तेव्हा नवी वंशावळ लिहाल तेव्हा तिच्यात लेकींची नावे, त्यांच्या मुलांसकट, आवर्जून घाला.